ले-ऑफला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

धुऱ्यावरचा:
एका शब्दापायी लेख अडकून पडलाय. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात मी कधीमधी लिहीत असतो, यावेळी आयटीतल्या ले-ऑफवर घेतलं, कारण घरातच घडलं. भाचा सहा वर्षं पुण्याला एका कंपनीत. गेल्या महिन्यात सकाळी लॅपटॉप उघडला तर पासवर्ड घेईना, नेटचा लोचा असेल म्हणून पोट्ट्यानं राऊटर दोनदा बंद-चालू केला आणि मग मोबाईलवर मेल दिसला की तुमचं पद रद्द झालंय. आता मोर्शीकडे गावी आलाय. आजीनं विचारलं का झालं, तर ताई म्हणाली कामावरून काढलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही, अन् मग बारीक आवाजात, "काहून, पैशाचा घोळ केला का त्यानं?" आमच्या भागात गडी काढला म्हणजे त्याच्या हातून काहीतरी झालंच असणार. म्हणून मी लेखात "छाटणी" लिहिलं. संपादक निवृत्त मास्तर, त्यांनी लाल पेनानं खोडून "नोकरकपात" केलं, म्हणे छाटणी हिंदी पेपरातनं आलं. आणि बाबा (गिरणीत होते) म्हणतात दोन्ही चूक, ले-ऑफमध्ये माणूस जातच नाही. आता बोला.

ढेमसं:
छाटणी हिंदी? मग नाशिकवाले द्राक्षाची एप्रिल छाटणी अन् ऑक्टोबर छाटणी करतात ती काय भोपाळहून येते? मास्तरांना सांगा, शब्दाला आधार कार्ड विचारू नये.

शुद्धलेखक:
छाटणी मराठीच आहे, पण झाडाची. माणसांसाठी छँटनी या अर्थानं वापरणं ही हिंदीचीच सावली. नोकरकपातही मला पटत नाही, कपात पाण्याची होते, पगाराची होते, शिवाय 'नोकर' म्हटल्यावर घरचा नोकर डोळ्यांपुढे येतो. 'सेवासमाप्ती' हा सरळ शब्द आहे.

ढेमसं:
सेवासमाप्ती म्हणजे मंदिरातून पुजारी गेल्यासारखं वाटते.

भोंगा:
धुऱ्यावरचा, तुझे बाबा बरोबर आहेत, मीही गिरणीतलाच. 2025 पर्यंत 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता, त्यात ले-ऑफ म्हणजे कोळसा नाही, वीज नाही, माल साचला, मशीन मोडलं म्हणून मालक काम देऊ शकत नाही, पण तुझं नाव हजेरीपटावर असतंच. मूळ पगार आणि महागाई भत्ता याचा निम्मा मिळायचा आणि त्यासाठी दिवसातून एकदा गेटवर जाऊन तोंड दाखवावं लागायचं. आम्ही त्याला "बसवलं" म्हणायचो. घरी आलो की बायको विचारायची, आज बसवलं का? एकदा सलग अकरा दिवस बसवलं होतं, मी डबा घेऊनच जायचो, गेटबाहेरच्या निंबाखाली खायचा आणि परत, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.
कायमचं घालवायचं ते रिट्रेंचमेंट. त्याला आमचा शब्द "कमी केलं". त्यात महिनाभराची नोटीस नाहीतर महिन्याचा पगार, नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, आणि नियम असा की एका कामावरचा जो शेवटी आला तो पहिला जाईल. कोणी हुशार, कोणी ढ, हे बोलायची गरजच पडत नसे, तारीख बघायची. अमेरिकेतून शब्द आला तो आपल्या पोरांनी उलटाच घेतला, जाणाऱ्याला ले-ऑफ म्हणतात.

चहाटपरी_हिंगणघाट:
काका, पण शेवटी आला तो पहिला जाईल हा न्याय कसा? नवं पोट्टं रात्रीचा दिवस करते अन् जुना साहेब एक्सेल उघडून बसते, जाते कोण तर पोट्टं.

भोंगा:
नसेलही न्याय. पण त्यात नाव खराब होत नाही. गावात येऊन सांगता येतं की माझा नंबर शेवटचा होता. आजीबाईला पैशाचा घोळ वाटला नसता.

वर्क_फ्रॉम_वावर:
मी त्याच लाईनीत आहे म्हणून सांगतो. एक तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना "कामगार" म्हटलं की राग येतो, आणि कायद्यात मॅनेजरकी करणारा कामगार धरत नाहीत, म्हणून चार वर्षं झाली की नावापुढे लीड नाहीतर मॅनेजर चिकटतं, पोट्टे पेढे वाटतात. दुसरं म्हणजे काढतच नाहीत, राजीनामा टाका म्हणतात.
शब्द बदलला की दोष कोणाचा तेही बदलतं, हे बघा. फेसबुकवाल्या मेटा कंपनीनं नोव्हेंबर 2022 ला 11,000 लोक काढले, म्हणजे साधारण 13 टक्के. तेव्हा तिचा मालक झुकरबर्ग म्हणाला अंदाज माझा चुकला, कोविडमधली वाढ टिकेल असं धरून भरती केली, जबाबदारी माझी. तीच कंपनी जानेवारी 2025 ला म्हणाली की आता सगळ्यात कमी कामगिरीचे 5 टक्के काढतो. आता हा शिक्का घेऊन पोरगा दुसरीकडे इंटरव्ह्यूला जाईल तर काय सांगेल? पहिल्या वेळी साहेब चुकला होता, दुसऱ्या वेळी तूच ढ. माझा राग लोक कमी करण्यावर नाही, धंद्यात ते होतं, जाताना शिक्का कशाला मारता?

शुद्धलेखक:
राजीनाम्यावरून आठवलं, मूळ फारसी, राजी म्हणजे कबूल अन् नामा म्हणजे कागद. जबरदस्तीनं घेतलेला कबुलीचा कागद! बडतर्फही तिकडचाच, बर-तरफ, म्हणजे एका बाजूला. आणि गच्छंती संस्कृत, पण तिथे 'गच्छति' एकाची आणि 'गच्छन्ति' अनेकांची. म्हणजे हजारो लोक एकदम गेले तर गच्छंती व्याकरणानंही शुद्ध.

ढेमसं:
आणि फारसी चालते, हिंदीच तेवढी चालत नाही. बरं.

अंबिया:
राजेहो, तुमी छाटणी छाटणी करून रायले, आमच्या वरुडाकळे संत्र्याच्या बगीच्यात सल काढनं म्हणते. बहार तुटला का झाडात वाळल्या काड्या रायते, थे सल. नाई काढली त रोग खाली उतरते. पण नुसती वाळली काडी नाई कापत, तिच्यासंगं दोनेक सेंटीमीटर हिरवी बी कापा लागते, काहून का रोग कुठवर गेला थे वरून दिसत नाई. कंपनीचं बी तसंच असन, वाळल्यासंगं हिरवं जाते. तुमच्या लेखात "सल काढली" लिहा, आजीले बराबर समजते.

वर्क_फ्रॉम_वावर:
म्हणजे मी वाळलेली काडी? वा. आणि भाऊ, ट्विटरवर 2022 ला मस्कनं कंपनी घेतली अन् आठवडाभरात 7,500 च्या आसपास लोकांतले निम्मे काढले. अर्धं झाड कापलं तर त्याला सल काढनं म्हणता का तुम्ही?

अंबिया:
नाई, त्याले कपाशीची पऱ्हाटी उपटनं म्हणते.

ढेमसं:
शिवाय तुम्ही हिरवं कापल्यावर कापल्या जागी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावता. यांनी काय लावलं, पासवर्ड बंद.

धुऱ्यावरचा:
सल मला आवडला, पण मनात जी सल राहते ती हीच का?

शुद्धलेखक:
मनातला सल शल्यापासून. काडीचा सल वेगळा असावा. आणि पुल्लिंगी बरं का, 'तो सल'.

अंबिया:
आमची सल बाईच हाय मास्तर, चाळीस वर्षं झाले कापून रायलो.

चहाटपरी_हिंगणघाट:
सालदारकीतला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा शब्द घ्या ना. आखाजीला (अक्षय तृतीयेला) साल संपलं की मालक म्हणतो "यंदा नाही ठेवत". काढलं नाही, ठेवलं नाही. इज्जत राहते.

भोंगा:
साल पाडव्याला संपतं.

चहाटपरी_हिंगणघाट:
तुमच्याकडे संपत असेल, आमच्याकडे आखाजीच. माझ्या आज्यानं तीस सालं काढली, आखाजीला पुरणपोळी खाऊनच नवीन मालकाकडे जायचा.

भोंगा:
पण त्याला वर्षभराची खात्री होती. मधेच श्रावणात कोणी ठेवत नाही म्हटलं तर गावात बैठक बसायची. तुझ्या आयटीत श्रावण काय अन् भादवा काय.

कपाशीवाली_आर्वी:
नारळ दिला म्हणा की सरळ. इतका सोपा शब्द असताना काय चाललंय.

ढेमसं:
नारळ निरोप समारंभात पण देतात ना ताई, शाल अन् श्रीफळ. भाच्याला शाल कुठं भेटली?

धुऱ्यावरचा:
अपडेट देतो. मी "कमी केलं" असं लिहून दिलं, भोंगाकाकांचा शब्द. आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "कमी केलं म्हणजे त्याचा पगार कमी केला का? मग जात काहून नाई कामावर?" लेख उद्या छापायला जातो, कोणी तरी शेवटचं सांगा.

शेतमित्र_काटोल:
वरचं सगळं वाचलं नाही, पण बोर्डो मलमाचा विषय निघाला म्हणून विचारतो, मोरचूद-चुन्याचं प्रमाण काय धरता? माझं मागच्या वेळी फाटलं.

अंबिया:
एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही येगयेगळ्या बादलीत भिजवा, लोखंडाची बादली नको.

धुऱ्यावरचा:
अहो, अन् शब्द?

अंबिया:
थांबा ना भाऊ, चुना कळीचा घ्याचा का भुकटी थे सांगून रायलो त्याले.