बंदूक शिकवणाऱ्याची परीक्षा कोण घेणार?

नेपरविलकर
अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात कपड्यांआड पिस्तूल बाळगायचा परवाना हवा तर १६ तासांचं प्रशिक्षण लागतं. कायदा २०१३ चा. शेवटी ५, ७ आणि १० यार्डांवरून दहा-दहा गोळ्या झाडायच्या, ३० पैकी २१ लागल्या की पास. हे ठीकच आहे. माझा प्रश्न शिकवणाऱ्याबद्दल आहे. वय २१, बारावीपर्यंतचं शिक्षण, परवान्याची पात्रता आणि पोलीस खातं किंवा एनआरएसारख्या (नॅशनल रायफल असोसिएशन) संस्थेचं प्रशिक्षक-प्रमाणपत्र, एवढं जमलं की राज्य पोलिसांच्या यादीत नाव लागतं. राज्य त्याला 'आमच्यासमोर शिकवून दाखव' असं म्हणत नाही. माझं मत स्पष्ट आहे: राज्याने प्रशिक्षकाची परीक्षा स्वतः घ्यावी, आणि ती ठरावीक वर्षांनी पुन्हा घ्यावी.

ह्यूस्टनची_सुमी
अजिबात पटलं नाही. तुमच्याच शिकागोने काय केलं ते आठवा. २०१० मध्ये हँडगनबंदी कोर्टात पडली, तेव्हा शहराने नवा नियम आणला: घरात बंदूक ठेवायची तर गोळीबाराच्या रेंजवर तासभर प्रशिक्षण घ्या. आणि त्याच वटहुकमात शहरात सार्वजनिक रेंज चालवायला बंदी! २०११ मध्ये इझेल खटल्यात फेडरल अपील कोर्टाने ती बंदी रोखली. अटी कशासाठी वापरल्या जातात ते यातून कळतं. प्रशिक्षकांवर अट वाढवली की प्रशिक्षक कमी होतात, फी चढते, आणि गाळले जातात ते शिकागोच्या साऊथ साइडचे गरीब लोक. नेपरविलसारख्या श्रीमंत उपनगरातले नव्हेत.

नेपरविलकर
शिकागोचा नियम लबाडीचाच होता, मान्य. पण म्हणून अट नकोच? २०१४ ची ॲरिझोनाची घटना घ्या. ९ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी सबमशीनगन दिली. आधी एक गोळी झाडून घेतली, मग ऑटोमॅटिकवर टाकली. धक्क्याने नळी वर आणि डावीकडे गेली, प्रशिक्षक डावीकडेच उभा होता. तो गेला.

ह्यूस्टनची_सुमी
अहो, तो माजी सैनिक होता! बंदुकीची माहिती काय कमी होती त्याला? तुमच्या परीक्षेत पहिला आला असता.

जुना_एनसीसीवाला
सुमीताई, नेमकं तिथेच अडतंय. बंदूक येणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. कॉलेजात .२२ च्या फायरिंगला आमचे हवालदार उस्ताद टार्गेटकडे बघतच नसत. नजर पोराच्या ट्रिगरवरच्या बोटावर आणि खांद्यावर. पोरगं गोळी अडकली म्हणून रायफल घेऊन मागे वळतं, तेवढ्यात मनगट धरून नळी पुन्हा समोर. (वर दोन कचकचीत शिव्या, त्या अभ्यासक्रमात नव्हत्या.) परीक्षा घ्यायची तर याची घ्या. घाबरलेला, डावखुरा, पहिल्यांदाच हातात घेणारा माणूस समोर उभा करा आणि उमेदवार कुठे उभा राहतो ते बघा. नेम पक्का आणि कलमं पाठ असणारे खूप मिळतील.

ह्यूस्टनची_सुमी
हे पटण्यासारखं आहे, पण सरकार ते करणार नाही. सरकार तास वाढवतं, कारण तास मोजता येतात. न्यूयॉर्क बघा: २०२२ मध्ये बंदूक बाळगण्याच्या परवान्यावरचा ब्रुएन खटला सुप्रीम कोर्टात हरले आणि लगेच १६ तास वर्ग, वर दोन तास गोळीबार. त्याच निकालात कोर्टाने म्हटलंय की परवान्यासाठी फार ताटकळवलं किंवा अवाच्या सवा फी लावली तर त्याला आव्हान देता येईल. आमच्या टेक्सासमध्ये २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरी परवान्याचा कोर्स बंद झालेला नाही. ज्याला शिकायचंय तो येतो.

नेपरविलकर
आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो येत नाही!

जुना_एनसीसीवाला
टेक्सासचं राहू द्या. इलिनॉयच्या कायद्यात रेंजवर एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त पाच जण, ही अट आधीच आहे. माझ्या मते ती सोळा तासांपेक्षा महत्त्वाची. नवी परीक्षा पुढे बघू, आधी ही पाळली जाते का ते न कळवता जाऊन बघावं.

ह्यूस्टनची_सुमी
न कळवता तपासणीला माझी हरकत नाही. परीक्षाही घ्या, पण फी राज्याने भरायची आणि अर्ज केल्यावर महिन्याच्या आत तारीख द्यायची. हे दोन्ही कायद्यात लिहून देत असाल तर मी तुमच्या बाजूने.

नेपरविलकर
फी राज्याने भरावी, चालेल. महिन्याचं वचन मात्र इथलं कुठलंही खातं देईलसं वाटत नाही. तीन महिने म्हणा.

ह्यूस्टनची_सुमी
बघा, झाली सुरुवात!