मदत हवी आहे: केमिस्ट्रीवाल्यांनी नववी-दहावीला गणित शिकवलं तर चालतं का?

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहते. बी.एस्सी. केमिस्ट्रीत, गणित फक्त एस.वाय.पर्यंत. बी.एड.ला अध्यापन पद्धती मात्र विज्ञान आणि गणित अशा दोन्ही घेतल्या होत्या. परवा एका अनुदानित शाळेत मुलाखतीला गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पदवीला गणित नाही ना, मग दहावीचं गणित तुम्हाला देता येणार नाही." आणि त्याच दमात विचारलं, "विज्ञान दोन्ही भाग घ्याल ना?" म्हणजे भाग २ मधली आनुवंशिकता व उत्क्रांती मी शिकवलेली चालते! जीवशास्त्र मी बारावीनंतर उघडलेलं नाही, हे त्यांनी विचारलंही नाही.

सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर २ आहे, त्यात गणित-विज्ञान गट तरी असतो. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. बघतात. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलसाठीच्या टेट (TAIT, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) परीक्षेचं तर विचारूच नका, २०० गुणांपैकी १२० अभियोग्यता, ८० बुद्धिमत्ता, विषयज्ञान शून्य. मग विषय ठरतो कशावरून? पदवीचा मुख्य विषय, दुसऱ्या वर्षापर्यंतचा विषय, की बी.एड.ची पद्धती?

कुणाची वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) केमिस्ट्रीची पदवी आणि बी.एड.ला गणित पद्धती अशा जोडीवर झाली असेल तर कृपया सांगा, शिक्षण निरीक्षक कार्यालयात कोणती गुणपत्रिका मागितली तेही. गणितासाठी बाहेरून पुन्हा पदवी करावी का, हाही प्रश्न आहेच. वय ३४, घरी दोन लहान मुलं, तेव्हा जरा विचार करून सांगा.