अनुभव धागा: 'लोगो जरा मोठा करा' आणि गिऱ्हाइकांच्या इतर खोडी

कोरलवाला
शेजारच्या गप्पांत कुणीतरी 'पाच मिनिटांचं तर काम आहे' असं लिहिलं आणि जुनं सगळं वर आलं. डिझाइन, डीटीपी, फ्लेक्सवाले सगळे या. नुसती रड नको, उपायही लिहा.

माझ्याकडून पहिला नंबर व्हॉट्सॲपवरच्या लोगोला. एचडी न निवडता फोटो म्हणून पाठवला की लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. तो १० फुटी फ्लेक्सवर पूर्ण रुंदीत ताणा, इंचाला जेमतेम १३ पिक्सेल पडतात. फ्लेक्सला ७२ धरतात, उंचावर लावायचा असेल तर त्याहून कमीतही भागतं, पण १३ म्हणजे नुसते चौकोन. 'ओरिजिनल द्या' म्हटलं तर लेटरहेडचा फोटो काढून पाठवतात, खालच्या टेबलक्लॉथसकट. म्हणून 'सीडीआर (कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची फाइल) किंवा पीडीएफ, डॉक्युमेंट म्हणून' एवढंच मागायचं.

शाईचे_डाग
लोगो वर्डमध्ये चिकटवून आला तर स्क्रीनशॉट काढत बसू नका. डॉकएक्स फाइलची कॉपी करा, शेवटचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा, उघडा. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया फोल्डर असतो, त्यात चित्र सुटं मिळतं. कंपनीचं जुनं पीडीएफ ब्रोशर असेल तर ते कोरलमध्ये इम्पोर्ट करून बघा, बऱ्याचदा लोगो व्हेक्टरच निघतो, म्हणजे कितीही ताणा, चौकोन पडत नाहीत.

फ्लेक्सगल्ली
'१० बाय ८' ह्यात रुंदी कुठली ते विचारल्याशिवाय फाइल उघडायची नाही!! आम्ही रुंदी आधी धरतो, मंडळाचा माणूस उंची आधी सांगतो. शिवाय तो माप सांगतो ते फ्रेमचं. कापड फ्रेमवर मागे दुमडायचं असतं, म्हणून चारी बाजूंनी ३-४ इंच नुसती पार्श्वभूमी सोडा. नाहीतर खालच्या ओळीतले 'शुभेच्छुक' खिळ्याखाली.

फाइल एका फुटाला एक इंच या मापाने करत असाल तर रिझोल्यूशन ८६४ ठेवा, म्हणजे छापताना ७२ पडतं. इथे ७२ ठेवून पाठवणारे रोज भेटतात, हे पाप गिऱ्हाइकाचं नाही, आपलंच.

मधली_सुट्टी
आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची डोकी? कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं यावर रात्री ११ ला फोन

फ्लेक्सगल्ली
@मधली_सुट्टी नावांची यादी अनुक्रमांक घालूनच मागायची. एका रांगेत हनुवटी ते केस हे अंतर सगळ्यांचं सारखं ठेवायचं, गोलाचा आकार सारखा ठेवून उपयोग नाही. कुणाचा फोटो कमरेपर्यंत असतो, त्याचं डोकं बोराएवढं दिसतं आणि भांडण तिथेच. रांगेत एकाची जागा धरून ठेवा. एक 'दादा' राहिलेला असतोच.

पत्रिकावाली
कुकर लावून लिहितेय, चुका पोटात घाला. लग्नपत्रिकेचा मजकूर हल्ली व्हॉइस नोटवर येतो. 'शिर्के' की 'शिरके', आवाजात कळत नाही. टाइप करून मागितला की युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या मराठीत येतो, आणि छापखान्याला श्री-लिपी या युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्येच हवा असतो. कन्व्हर्ट केल्यावर ऱ्या, रफार आणि ॲ शोधून शोधून तपासा. 'ॲड.' मधला ॲ गळाला की वकीलसाहेबांच्या नावाआधी नुसता 'ड.' उरतो.

'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'च्या खाली दोन ओळी मोकळ्या ठेवायच्या. चिल्लीपिल्ली प्रूफ ओके झाल्यावरच आठवतात.

अर्धाकप
आमच्याकडे तर कुत्र्याचं नाव पण घातलं होतं 😂

शाईचे_डाग
'मोबाइलवर निळा होता, छापून जांभळा आला.' मोबाइलचा उजेड कागदावर येत नाही हे समजावण्यात दम घालवू नका. छपाईच्या चार शायांपैकी (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) निळ्यात सायन १०० टक्के ठेवून मॅजेंटा ७०च्या खाली आणा, जांभळट झाक जाते. पोपटी आणि चटक गुलाबी चार रंगांत मंदावणारच, ते ऑर्डर घेतानाच सांगा. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत, १०० टक्के. बाहेरून आलेल्या मजकुराचा काळा चारी रंगांचा असतो. प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, ती केसभर सरकली की अक्षरांना रंगीत सावली येते आणि शिव्या आपल्याला.

सातासमुद्रापार
इकडे अमेरिकेत मंडळाच्या स्मरणिकेला भारतातून जाहिराती ए-४ मध्ये येतात. आमचं पान साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे रुंदीला ६ मिमी जास्त आणि उंचीला जवळजवळ १८ मिमी कमी. खालचा फोन नंबर कटिंगमध्ये जातो. माप विचारा हो आधी!

कोरलवाला
'फक्त तारीख बदला'वर कुणी लिहिलं नाही अजून. प्रेसला जाणारी फाइल कर्व्हज केलेली असते, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केलेले, त्यात तारीख टाइप होत नाही. कर्व्हज करणारं कंट्रोल क्यू दाबण्याआधी दुसऱ्या नावाने सेव्ह, नेहमी. आणि मंजुरीसाठी वॉटरमार्कवाला लहान जेपीजीच द्या. स्वच्छ जेपीजी दिला की तो परस्पर दुसरीकडे छापून येतो, मग 'तुमचं डिझाइन फाटलं' म्हणून फोन. दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, हे अॅडव्हान्स घेतानाच लिहून पाठवा.

अर्धाकप
विषय सोडून विचारतो. फोटोशॉपमध्ये मराठी पेस्ट केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येतेय, जोडाक्षरं तुटतायत. फॉन्ट बदलून पाहिला.

पत्रिकावाली
फॉन्टचा दोष नाही. मजकूर निवड, पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेनूत जा, वर्ल्ड-रेडी लेआउट निवड.

अर्धाकप
झालं ताई! आता ओळीतलं अंतर वाढलंय, ते कुठून कमी करू?

पत्रिकावाली
लीडिंग ऑटोवर असेल, तिथे हाताने आकडा टाक. फार कमी नको, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात.