सॉसेज तेलात तळायचं बंद करा

दादर_पश्चिम (धागाकर्ता)

आपल्याकडे सॉसेज करायची एकच रीत रुळली आहे. पाकिटातून काढलं, सुरीने तिरक्या चिरा मारल्या, कढईत सोडलं. बाहेरून काळपट, आतून भुसभुशीत, वर केचपचा मारा. मुलं खातात म्हणून कोणी तक्रार करत नाही. माझ्या मते ही रीत मोडायला हवी.

हॉटडॉगमध्ये घालतात ते फ्रँकफर्टर जातीचं चिकन सॉसेज कारखान्यातूनच शिजून येतं. मांस, चरबी आणि बर्फ इतकं बारीक वाटतात की चरबीचे कण प्रथिनांच्या जाळ्यात अडकून बसतात, आणि रसाळपणा येतो तो त्यामुळेच. जास्त तापलं की ते जाळं आवळतं, पाणी आणि चरबी बाहेर पडते. चिरा मारलेल्या असल्या तर मग विचारूच नका. पैसे मोजून जे विकत आणलं ते तेलात गेलं.

घरी आपल्याला फक्त नीट गरम करायचं असतं. फ्रीझरमधलं सॉसेज आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवा. पातेल्यात पाणी तापवा, गॅस अगदी बारीक करा, उकळी फुटू न देता सॉसेज दहाएक मिनिटं त्यात राहू द्या. मग फडक्याने टिपून कोरडं करा आणि तव्यावर चमचाभर लोण्यात लोळवा. न्यूयॉर्कच्या हातगाड्यांवर हॉटडॉग गरम पाण्यातच ठेवतात. म्युनिकचं पांढरं वाइसवुर्स्टही उकळत नाहीत, गरम पाण्यात ठेवून तसंच वाढतात.

माटुंगा_रोड

अजिबात पटलं नाही. तिरक्या चिरा उगाच मारत नाहीत. तेलात गेल्यावर त्या उघडतात, कडा कुरकुरीत होतात, आणि वरून मिरपूड-लिंबू टाकलं की ते त्या चिरांतच बसतं. गुळगुळीत सॉसेजवर मसाला टिकणार कुठे? सिमला मिरची, कांदा आणि सोया सॉसमध्ये परतायचं असेल तर आधी तळल्याशिवाय मजा नाही.

आणि अमेरिकेचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. न्यू जर्सीत क्लिफ्टन गावात रट्स हट नावाचं १९२८ पासूनचं हॉटेल आहे. तिथे हॉटडॉग तेलातच तळतात, साल फाटेपर्यंत. त्याला 'रिपर' म्हणतात आणि लोक लांबून ते खायला येतात.

दादर_पश्चिम

रट्स हट मान्य. पण चिकनमध्ये मुळात चरबी कमी, आणि आपल्या बाजारातल्या बऱ्याच चिकन सॉसेजना सालच नसते. कारखान्यात शिजवून झाल्यावर ती सोलून काढतात. फाटायला साल नाही, झिरपायला चरबी नाही, मग तळून मिळतो तो फक्त कडक पापुद्रा. सिमला मिरचीसोबत परतायचं असेल तर तिरके तुकडे करा आणि सगळ्यात शेवटी टाका.

विक्रोळी_कन्नमवार

एक तांत्रिक मुद्दा. न टोचलेलं, साल असलेलं सॉसेज खळखळ उकळलं की ते लांबीतच फाटतं, आडवं फाटत नाही. कोणीही घरी बघू शकेल. आतल्या वाफेचा दाब नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेने जेवढा ताण आणतो, त्याच्या निम्मा लांबीच्या दिशेने आणतो, म्हणून घेर आधी तुटतो आणि चीर लांबीत पडते. बॉयलरची टाकी बनवतानाही हेच गणित धरतात. म्हणून उकळी नको, या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने. लोण्याच्या बाबतीत नाही, लोणी लगेच करपतं. थोडं तेल घाला.

वसईची_सून

सगळे त्या फिकट गुलाबी नळीवरच भांडताय! मुंबईत राहून सॉसेजची चर्चा गोवा सॉसेजशिवाय कशी होऊ शकते, हेच मला कळत नाही.

आमच्याकडे लाल चोरीस येतं, माळेसारखं ओवलेलं, छोटे मणी किंवा लांब गाठी. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे, जाडं मीठ, लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर. वाटून लगदा नाही करत, तुकडे तुकडेच ठेवतात, मग उन्हात आणि धुरावर सुकवतात. पावसाळ्यात मासे मिळायचे नाहीत म्हणून गोव्यात उन्हाळ्यातच ही बेगमी व्हायची. बोटीवर कामाला निघालेले गोवेकर धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या क्लबांत उतरायचे. अशा प्रवासाला हे टिकाऊ सॉसेज अगदी सोयीचं.

हे कच्चं असतं, नीट शिजवावंच लागतं. आणि तेलाचा थेंब लागत नाही. माझ्या सासूबाई साल कापून आतलं सारण पातेल्यात काढतात, अर्धी वाटी पाणी घालतात, झाकण ठेवून मंद आचेवर ठेवतात. पाणी आटत आलं की चरबी सुटायला लागते. पातेल्याच्या कडेने केशरी तेलाची रेघ दिसली की मगच उभा चिरलेला कांदा आणि बटाट्याच्या फोडी. मीठ घालायचं नाही, चोरीसमध्ये पुरेसं असतं. बटाटा ते तेल पिऊन लाल होतो आणि घरात पहिली मारामारी बटाट्यावरून होते. कडक पावात भरून खायचं. त्यापुढे हॉटडॉग मला तरी बेचव लागतो.

दादर_पश्चिम

वसईच्या ताई, गोवा सॉसेज मलाही जीव की प्राण. पण ती वेगळीच वस्तू आहे. आणि तुमच्या पातेल्यातही आधी पाणी, मग स्वतःची चरबी. तळण कुठेच नाही. माझंच म्हणणं झालं.

वसईची_सून

तुमचं कसं? तुम्ही फाटू नये म्हणून पाणी घालता, आम्ही चरबी पूर्ण सुटावी म्हणून. हेतू उलटा आहे.

दोन_पोरांची_आई

सकाळी शाळेचा डबा भरताना दहा मिनिटं पाणी राखत बसणं कोणाला जमतं? मी तव्यावर झाकण ठेवून करते, दोन चमचे पाणी शिंपडून. पाणी उडालं की त्याच तव्यावर खरपूस. एकच भांडं लागतं.

पण खरं सांगायचं होतं ते वेगळंच. लहान मुलांना सॉसेजचे गोल काप देऊ नका. तो गोल तुकडा श्वासनलिकेत बरोबर अडकतो आणि मऊ असल्याने घट्ट बसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये हॉटडॉगबद्दल खास इशारा दिला होता. आधी उभे चार भाग करा, मग बारीक तुकडे. तळायचं की शिजवायचं यापेक्षा हे मला महत्त्वाचं वाटतं.

मुलुंडचे_आजोबा

मंडळी, मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. हे घरात किती वेळा यावं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. आमच्या घरात नातवंडांचा डबा म्हणून हे आठवड्यातून तीनदा येऊ लागलं, तेव्हा मी विरोध केला आणि अजून करतो. अंड्याची पोळी करायला कितीसा वेळ लागतो?

माटुंगा_रोड

आजोबा, महिन्यातून एकदा खाणाऱ्यालाही तुम्ही त्याच तराजूत घालताय. ते १८ टक्के रोज खाणाऱ्याचे.

दादर_पश्चिम

आजोबांचं रोजच्या डब्याबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. उलट ते माझ्याच मुद्द्याला बळ देतं. टिकण्यासाठी आणि गुलाबी रंगासाठी यात सोडियम नायट्राइट घालतात, आणि असं मांस कडक तापवलं तर नायट्रोसअमाइन्स, म्हणजे कर्करोगाशी जोडली जाणारी रसायनं, तयार होऊ शकतात. आणायचंच तर कधीतरी आणा आणि चांगलं आणा. पाकिटामागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. चिकननंतर लगेच स्टार्च आणि सोया प्रथिनं दिसली तर पाकीट परत ठेवा.

वसईची_सून

आणि पाव? लादीपावात लांब सॉसेज बसत नाही, दोन्ही टोकं बाहेर. बेकरीतला तो लांबुडका गोडसर बन तर नकोच.

माटुंगा_रोड

म्हणूनच उभं मधोमध चिरून, पुस्तकासारखं उघडून तव्यावर दाबायचं, अर्धं करून लादीपावात. लसणाची लाल चटणी, वर कच्चा कांदा. आणि हो, भरपूर तेलात.