विश्वास कमी-जास्त होतो, मग तारणही कमी-जास्त होतं का?

मोहरीचा_दाणा
जय ख्रिस्त सगळ्यांना. प्रश्न जरा सरळच विचारते, रागावू नका. आई आजारी होती, आम्ही घरचे सगळे रोज प्रार्थना करत होतो, उपास पण केले, पण ती गेली. नंतर प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एका मोठ्या भावांनी मला तोंडावर सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडला. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. आईचं तर सोडाच, पण विश्वासानेच तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळतं म्हणतात ना, मग माझा विश्वास एवढाच असेल तर माझं तारण तरी झालंय का? प्रार्थनेला बसलं की काही वाटतच नाही, नुसते शब्द. कधी कधी वाटतं देव ऐकतो, दुसऱ्या दिवशी वाटतं कोणीच नाही. असा वर-खाली होणारा विश्वास चालतो का? प्लीज वचनं नुसती पेस्ट करू नका, समजावून सांगा.

बेथानीकर
ताई, आधी आईबद्दल वाईट वाटलं. आणि त्या भावांनी जे सांगितलं ना ते बायबलला धरून नाहीये, स्पष्टच बोलतो.

मार्कच्या शुभवर्तमानाचा ९वा अध्याय उघडा. मुलाला अशुद्ध आत्मा लागलाय, बाप त्याला घेऊन आलाय, शिष्यांना जमलेलं नाही. बाप येशूला काय म्हणतो, तर आपल्याला काही करता येत असेल तर करा. म्हणजे त्याला खात्रीसुद्धा नाही! येशू त्याला त्या 'असेल तर'वरून टोकतो, तेव्हा तो ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एकाच वाक्यात. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणून परत पाठवलं का? नाही, पोरगा तिथेच बरा झाला.

आता हीच गोष्ट मत्तय १७ मध्ये वाचा. तिथे येशू अल्पविश्वासाबद्दल बोलतो ते कोणाला? बापाला नाही, शिष्यांना! आम्हाला का काढता आलं नाही असं शिष्य विचारतात तेव्हा. म्हणजे ज्यांनी प्रार्थना करून काही झालं नाही त्यांनाच ते ऐकावं लागलं, आणि आपल्याकडे नेमकं उलटं, ज्याच्या घरात दुःख त्यालाच सुनावतात.

आणि आजारपण गेलं नाही म्हणजे विश्वास नव्हता असं असेल तर प्रेषित पौलाचं काय करायचं? शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. आपला सोबती त्रफिम याला तर तो मिलेत गावात आजारीच सोडून आला, २ तीमथ्य ४:२० मध्ये आहे.

प्रश्नचिन्ह
बेथानीकर भाऊ बरोबर आहे पण एक बाजू राहिली. विश्वास म्हणजे नुसतं मनात मानणं नव्हे. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब (२:१९) म्हणतो भुतेही विश्वास धरतात आणि थरथर कापतात, मग त्यांचं काय तारण झालं? खरा विश्वास असला की जगण्यात दिसतो. नाहीतर सगळे म्हणतील माझा विश्वास दुबळा आहे चालतंय, आणि पाहिजे तसं वागत बसतील.

बेथानीकर
@प्रश्नचिन्ह मान्य, पण याकोब ज्यांना झापतोय ते वेगळे लोक आहेत. उघडा-उपाशी भाऊ समोर उभा आहे आणि त्याला 'सुखाने जा, ऊब घ्या' म्हणून वाटेला लावणारे. ताई तशा नाहीत, त्यांना उलट झोप येत नाहीये. अब्राहामाचंच बघा. त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व (देवासमोर निर्दोष असणं) म्हणून गणलं गेलं, हे उत्पत्ति १५:६. लगेच १६व्या अध्यायात दासी हागारेपासून मूल करण्याचा घोळ, १७ मध्ये शंभराव्या वर्षी पोरगं होईल का म्हणून तो मनात हसतो, आणि त्याच मुलाचं, इसहाकाचं अर्पण थेट २२ मध्ये. याकोब २२ वरून बोलतो की विश्वास कृतीत पूर्ण झाला, पण देवाने नीतिमान गणलं होतं ते आधीच, आणि मधल्या सगळ्या घोळात ते परत घेतलं नाही.

जुना_वाचक
मी कॅथलिक आहे, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे माझं तारण शंभर टक्के पक्कं असं कोणी छातीठोकपणे म्हणत नाही, १५४७ साली आमच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने अशा फाजील खात्रीविरुद्धच लिहिलंय. पण म्हणून घाबरत राहा असंही नाही, स्वतःच्या विश्वासाकडे बघून आशा धरायची नसते, ख्रिस्ताकडे बघून धरायची. १९९९ मध्ये लुथरन (प्रोटेस्टंटांपैकी एक) आणि कॅथलिक मंडळ्यांनी मिळून जो जाहीरनामा काढला त्यात दोघांनीही हेच मान्य केलंय की आपल्यात काही लायकी आहे म्हणून नाही, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. भांडणं बाकी अजून आहेत, ती इथे नको.

बाकी ताई, काही वाटत नाही हे मनावर घेऊ नका. स्तोत्र ८८ वाचा, शेवटपर्यंत अंधारच आहे, शेवट गोड केलेला नाही. तरी ती प्रार्थनाच आहे आणि बायबलमध्ये आहे.

मोहरीचा_दाणा
स्तोत्र ८८ आत्ता वाचलं. असं पण काही बायबलमध्ये आहे हे माहीतच नव्हतं 😢 मत्तय १७ चं पण कोणी कधी असं सांगितलं नव्हतं. एकच विचारायचंय. ते भाऊ म्हणतात मी सभेत पुढे येऊन तारणाची प्रार्थना परत करावी, बाप्तिस्मा पण परत घ्यावा म्हणजे खात्री होईल. करू का?

बेथानीकर
नका करू. बाप्तिस्मा एकच, इफिसकरांस ४:५. खात्रीसाठी परत घेतला तर चार महिन्यांनी पुन्हा शंका येईल, मग काय तिसऱ्यांदा घेणार? रोजची पापं रोज कबूल करायची, त्याला १ योहान १:९ आहे, त्यासाठी पुन्हा सुरुवातीपासून सुरू करायला लागत नाही. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालताना बुडायला लागला तेव्हा मत्तय १४ मध्ये काय लिहिलंय बघा, येशूने आधी हात पुढे करून त्याला धरलं आणि मग विचारलं संशय का धरलास. त्या ग्रुपमध्ये काही दिवस नाही गेलात तरी चालेल, पण आपल्या पाळकांना एकदा हे सगळं सांगा, त्या भावांचं बोलणंसुद्धा. ते दुसऱ्या घरीही असंच बोलत असणार.