मदत हवी आहे : पल्पमध्ये टप्प्याटप्प्याचं भाडं ऑब्जेक्टिव्हमध्ये कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. वाशीच्या एपीएमसीतून दादर, मुलुंड, बोरिवली इथल्या दुकानांना कांदा-बटाटा जातो. कुठल्या टेम्पोवाल्याकडे किती गोण्या द्यायच्या, याचं मॉडेल पायथनच्या पल्पमध्ये (अशी गणितं मांडायची लायब्ररी) करतोय. एकूण भाडं कमीत कमी हवं, तेच ऑब्जेक्टिव्ह.

घोळ भाड्याच्या रेटचा आहे. पहिल्या ५० गोण्यांना प्रत्येकी ३० रुपये, त्यापुढच्या गोण्यांना २२. दोन व्हेरिएबल केले, क१ (पहिल्या रेटच्या गोण्या, कमाल ५०) आणि क२ (त्यापुढच्या), आणि ऑब्जेक्टिव्हमध्ये ३०×क१ + २२×क२ टाकलं. सॉल्व्हर (उत्तर शोधणारा प्रोग्राम) आपला हुशार! दादरच्या ४० गोण्या सरळ क२ मध्ये टाकून ८८० रुपये दाखवतो. खरं भाडं १२००. रेट पुढे वाढत गेला असता तर क१ आपोआप आधी भरला असता, इथे नेमकं उलटं आहे.

सगळा खर्च एकाच एलपीसममध्ये (पल्पचं बेरीज करायचं फंक्शन) आहे. दुसऱ्या ओळीत प्लस-इक्वलने नुसती राशी दिली तर पल्प आधीचं ऑब्जेक्टिव्ह पुसतो, तो प्रकार इथे नाही.

आता बायनरी य (० किंवा १) घेऊन क१ ≥ ५०×य आणि क२ ≤ म×य (म म्हणजे पुरेसा मोठा आकडा) अशा अटी घालायचा विचार आहे. म म्हणून त्या दुकानाची मागणी वजा ५० घेतली तर चालेल ना? उगाच दहा लाख वगैरे टाकायचं जिवावर येतं. की एसओएस-२ (ओळीतली शेजारची दोनच व्हेरिएबल शून्याहून वेगळी ठेवणारी अट) बरं पडेल? सॉल्व्हर फुकटातला सीबीसीच आहे, विकतचा घ्यायला शेठ तयार नाहीत. कोणी असं केलं असेल तर अटींच्या दोन ओळी टाका, प्लीज.