मिरचीची पानं आकसलीत, बोकड्या आहे की दुसरं काही? रोपं उपटू की थांबू?

बाल्कनीतली_माती:
नमस्कार मंडळी, मी ठाण्यात राहते, आठवा मजला, पूर्वेची बाल्कनी, सकाळी साडेसात ते बारापर्यंत चांगलं ऊन येतं. नोव्हेंबरात मिरचीची ७ रोपं लावली, त्यातली ४ ज्वाला जातीची, नर्सरीतून आणलेली आणि ३ सासूबाईंनी भिवापूरहून आणलेल्या बियांपासून मी स्वतः केलेली. जानेवारीपर्यंत रोपं इतकी सुंदर होती की रोज सकाळी चहा घेऊन तिथेच उभी राहायचे, फुलं पण लागली होती. आता फेब्रुवारी संपत आला आणि गेल्या तीन आठवड्यांत सगळं बिघडलंय. नवीन पानं आकसून येतायत, वाढ थांबलीये, फुलं गळतायत, दोन कुंड्यांत खालची पानं पिवळी पडली आणि पाणी घालायला गेलं की मातीतून बारीक काळ्या माश्या उडतात.

आतापर्यंत केलेलं सगळं सांगते. मला वाटलं खत कमी पडलं म्हणून दर आठवड्याला शेणखत आणि मोहरीच्या पेंडीचं पाणी दिलं. मग दहा दिवसांपूर्वी एकदा कडुनिंबाचं तेल फवारलं. नर्सरीवाल्याने इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची छोटी बाटली दिली होती ते पण एकदा मारलं, फरक शून्य. सासूबाई म्हणतात हा बोकड्या आहे, याला औषध नसतं, सगळी उपटून टाक नाहीतर बाकीच्या झाडांना पण लागेल. त्यांच्या माहेरी मिरचीच होती त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाहीये, पण त्या तीन रोपांना हात लावायला जीव होत नाही. खरंच उपटावीच लागतील का?

सिल्लोडचा_शेतकरी:
ताई आधी फवारणी आणि खत दोन्ही थांबवा, आठ दिवस काही देऊ नका. आमच्याकडे ३० गुंठे मिरची असते दरवर्षी, त्यामुळे हे दुखणं मला पाठ आहे. बोकड्या, कोकडा, चुरडा-मुरडा ही सगळी नावं आपण पान आकसलं की सरसकट वापरतो, पण त्याच्या मागे तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिघांचा इलाज वेगळा, एकाला तर इलाजच नाही. म्हणून उपटायचं की नाही हे पान बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

प्रत्येक कुंडीचं शेंड्याकडचं पान हातात घेऊन बघा. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे म्हणजे थ्रिप्स. पान खाली वळलं असेल, उलट्या होडीसारखं, देठ लांबलेला आणि पान अरुंद, जरा कडक लागतंय, तर ती कोळी, म्हणजे माइट, रस शोषणारी अगदी बारीक कीड. आणि पानं एकदम बारीक, शेंड्याला गुच्छासारखी गोळा झालेली, शिरांच्या मध्ये पिवळेपणा आणि झाड बुटकंच राहिलंय, तर तो विषाणू, तो पांढरी माशी आणते. हा तिसरा प्रकार असेल तर तुमच्या सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत.

अजून एक, पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि फांदी हलकेच झटका. पिवळसर नाहीतर काळे, सुईच्या टोकाएवढे लांबट किडे पळताना दिसले की फुलकिडे. मिरचीवरची कोळी साध्या डोळ्याने जवळजवळ दिसतच नाही, त्याला भिंग लागतं.

प्रत्येक कुंडीला चिठ्ठी लावून नंबर द्या आणि मग इथे लिहा, सातही रोपांना एकच रोग असेल असं धरून चालू नका.

मोगरा_आणि_मिरची:
माझ्याकडे आंबट ताकाचा फवारा चालतो, आणि आमच्या शेजारच्या आजी तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवून ते गाळून मारतात, त्याने सगळे किडे मरतात म्हणे. रासायनिकपेक्षा बरं ना ते.

सिल्लोडचा_शेतकरी:
ताक ठीक आहे, त्याने नुकसान होत नाही, पण भरलेल्या कोळीला ते पुरणार नाही. तंबाखूचं पाणी मात्र कृपा करून मारू नका, विशेषतः खायच्या झाडावर. निकोटिन हे विषच आहे, कातडीतून पण अंगात जातं. आणि दुसरं म्हणजे तंबाखू, मिरची, टोमॅटो, वांगं हे सगळे एकाच कुळातले, तंबाखूतला मोझॅक विषाणू मिरचीला लागू शकतो. आमच्याकडे मजूर लोकांना तंबाखू मळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय रोपवाटिकेत येऊ देत नाही त्याचं कारण हेच. घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी असं नसतं ताई.

ऑन्टारिओकर:
मी मूळची पुण्याची, आता कॅनडात ऑन्टारिओत. इथे उन्हाळा छोटा म्हणून मी मिरच्या हिवाळ्यात घरात दिव्याखाली ठेवते आणि मागच्या वर्षी अगदी हेच झालं होतं, शेंडे आखडले, पानं खाली वळली. मी पण आधी खतच वाढवलं होतं. कळलं कसं ते सांगते. आमच्या शेजारच्या घरी गांजाची रोपं आहेत, इथे २०१८ पासून घरटी ४ रोपं लावायला कायद्याने परवानगी आहे, आणि त्या बाईंनी त्यांच्या रोपांवर अशीच लक्षणं बघितली होती, नवीन पानं पिळवटलेली, चकाकणारी, वाढ ठप्प. त्यांनी भिंगातून दाखवलं तेव्हा पानाच्या खाली अगदी शेंड्यात पारदर्शक पिवळट ठिपके हळूहळू सरकत होते. ही कोळी मिरची, गांजा, पपई, जास्वंद, काहीही धरते. साधारण ०.२ मिलिमीटरची असते त्यामुळे नुसत्या डोळ्याने बघून सगळे म्हणतात कीड नाहीये, काहीतरी कमी पडतंय.

आणि दोन गोष्टी ज्या मला तेव्हा माहीत नव्हत्या. एक, कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय, तो जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या जातीतला, म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही, उलट त्याला खाणारे किडे मरतात आणि कोळी वाढते. दोन, ही कोळी पांढऱ्या माशीच्या पायाला धरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते, त्यामुळे दोन्ही एकाच बाल्कनीत सापडल्या तर नवल नाही.

जाळी दिसत्ये का ते पण बघ, जाळी असेल आणि जुन्या पानांवर पांढरे बारीक टिपके असतील तर ती लाल कोळी, ती वेगळी, ती कोरड्या गरम हवेत वाढते.

बाल्कनीतली_माती:
सगळ्यांचे आभार, दादा तुम्ही सांगितलं तसं आज सकाळी दोन तास बसून एकेक रोप बघितलं. मुलाच्या प्रोजेक्टचं भिंग होतं घरात ते कामाला आलं.

कुंडी १, २ आणि ५: पानं वर वळलेली, खालून चंदेरी चट्टे, कागदावर झटकल्यावर पिवळे किडे पळाले, खूप होते, मला धक्काच बसला.
कुंडी ३ आणि ६: पानं खाली वळलेली, देठ लांब, भिंगातून शेंड्यात ते सरकणारे ठिपके दिसले. ६ नंबर भिवापुरी आहे.
कुंडी ४ आणि ७: बारीक गुच्छ, पिवळेपणा, दोन्ही बाकीच्यांच्या निम्म्या उंचीची. रोप हलवलं की पांढऱ्या माश्या उडाल्या. ४ ज्वाला, ७ भिवापुरी.
जाळी कुठेच नाही. काळ्या माश्या ३ आणि ५ मध्ये, पिवळी खालची पानं पण त्याच दोघांत.

म्हणजे तिन्ही रोग माझ्याकडे आहेत का? आणि ७ नंबर गेलाच का?

सिल्लोडचा_शेतकरी:
ताई फार नीट बघितलंत, अर्धं काम झालं. हो, तिन्ही आहेत, एका ठिकाणी तिन्ही असणं शेतात पण रोजचं आहे.

४ आणि ७ उद्या पहाटे काढा, पहाटे यासाठी की गारव्यात पांढरी माशी सुस्त असते. आधी रोपावर प्लॅस्टिकची पिशवी उलटी घाला, तोंड बुडाशी बांधा, मग मुळासकट उपटा, नाहीतर माश्या उडून बाकीच्या पाचांवर बसतील आणि विषाणू पसरेल. कंपोस्टमध्ये टाकू नका. वाईट वाटेल पण विषाणू झाडाच्या आत असतो, वरून काहीही मारलं तरी जात नाही.

३ आणि ६ साठी पाण्यात विरघळणारं गंधक, ८० टक्केवालं, १ लिटरला २ ग्रॅम. पानाच्या खालच्या बाजूने आणि शेंड्यात, संध्याकाळी ऊन गेल्यावर. पण एक लक्षात ठेवा, तुम्ही दहा दिवसांपूर्वी नीम तेल मारलंय, तेल आणि गंधक जवळजवळ मारलं की पानं जळतात, दोन आठवड्यांचं अंतर पाहिजे. म्हणून अजून पाच दिवस थांबा, तोवर आकसलेले शेंडे दोन पेरं खाली कापून पिशवीत बंद करून टाका, कोळी सगळ्यात जास्त तिथेच असते. आणि मार्च मध्यानंतर ऊन तापलं की गंधक मारायचं नाही, ते पण जाळतं.

१, २, ५ ला नीम तेलच, पण एकदा मारून उपयोग नाही. ५ मिली तेलात आधी अर्धा चमचा भांड्याचा लिक्विड साबण नीट घोटा, मग ते १ लिटर कोमट पाण्यात हळूहळू ओता, तेलाचा तवंग दिसला नाही पाहिजे. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. दर ५-६ दिवसांनी असे तीन वेळा, कारण अंडी फवाऱ्याने मरत नाहीत, त्यातून निघालेली पिल्लं पुढच्या फवाऱ्यात मरतात. आणि फुलकिड्यांची कोषावस्था मातीत असते हे बरेच जण विसरतात, म्हणून वरची एक इंच माती खुरपून मूठभर निंबोळी पेंड मिसळा. निळे चिकट सापळे मिळतात ते एकदोन टांगा, निळा फुलकिड्यांसाठी, पिवळा पांढऱ्या माशीसाठी.

हे फुलकिडे साधे समजू नका. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात बाहेरून आलेल्या काळ्या फुलकिड्याने मिरचीची शेतंच्या शेतं संपवली, लोकांनी उभी मिरची उपटली. वेळेवर पान उलटून बघणं हाच खरा फरक पडतो.

आणि पेंडीचं पाणी महिनाभर बंद. नत्र जास्त झालं की पालवी लुसलुशीत येते आणि रस शोषणारी प्रत्येक कीड तिथेच जमते.

गच्ची_पुणे:
त्या काळ्या माश्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्या पानाच्या नाहीत, मातीच्या आहेत, त्यांच्या अळ्या ओल्या मातीत कुजकं खातात आणि जास्त झाल्या की कोवळ्या मुळ्या पण. तुमच्या मिश्रणात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरपूर आहे का? कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिखल असतो, आपण वरचं बघून रोज पाणी घालतो. बोट दोन पेरं आत घालून बघा, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. खालची पानं पिवळी व्हायचं कारण पण बहुतेक हेच, मुळांना हवा नाही, मग खत असूनही वर चढत नाही. कुंडीच्या बुडाचं भोक बुजलंय का ते काडीने बघा, माझ्या तीन कुंड्यांत भोकावर मुळंच बसली होती. वर अर्धा इंच जाडी वाळू पसरली की माश्यांना अंडी घालायला जागा राहत नाही.

बोअरचं पाणी घालत असाल तर अजून एक बघा, नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह मिळत नाहीये, क्षार वाढले की असं होतं. तुमचं ते नाही वाटत कारण पिवळी खालची पानं आहेत, नवीन नाही.

बाल्कनीतली_माती:
२२ दिवसांनी लिहितेय. ४ आणि ७ पिशवी घालून काढली, सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनीच पिशवीचं तोंड बांधलं. ३ नंबरच्या कुंडीचं भोक खरंच बुजलेलं होतं, आतली माती काळी आणि वास येणारी, ते रोप नवीन मिश्रणात हलवलं, यावेळी कोकोपीट कमी आणि वाळू घातली. पाणी आता दोन दिवसांआड, माश्या जवळजवळ गेल्यात.

नीम तेलाचे तीन फवारे झाले, कागदावर आता दोनतीनच किडे पडतात, आधी मोजता येत नव्हते. गंधक एकदाच मारलं. ६ नंबरला कापलेल्या जागेच्या खालून चार नवीन फुटवे आलेत आणि पानं सपाट आहेत, अगदी सरळ. जुनी पानं मात्र अजून तशीच वाकडी आहेत, ती सरळ होतील का?

सिल्लोडचा_शेतकरी:
जुनी सरळ होत नाहीत ताई, एकदा आखडलं पान तसंच राहतं, त्याच्याकडे बघायचं नाही, फक्त नवीन फुटव्यांकडे बघायचं. दर चार दिवसांनी कागद झटकणं चालू ठेवा. एप्रिलच्या उन्हात दुपारी फुलं गळली तर घाबरू नका, ३५ च्या वर पारा गेला की मिरची फूल धरत नाही, ती कीड नाही, ऊन कमी झालं की परत धरेल. आणि बी धरायचं असेल तर ६ नंबर आणि तुमचं तिसरं भिवापुरी, ही दोन निरोगी राहिली तर त्यांच्याच पिकून लाल झालेल्या मिरच्यांचं धरा, पहिल्या तोड्याचं नको, दुसऱ्या-तिसऱ्याचं.

बाल्कनीतली_माती:
तिसरं भिवापुरी म्हणजे २ नंबर, त्याला कालच तीन फुलं आलीत. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या बांबूची काडी लाव, वाऱ्याने मोडेल. लावली.